कबरीत बसलेली बिंतू

बिंतू झेर्बोने मला आजवर एकदाही नावाने हाक मारलेली नाही. मी सायकली दुरुस्त करतो, नाबतेंगाच्या बाजारात कडुनिंबाखाली माझं दुकान आहे, चार माणसांत मला थोडाफार मान आहे. ही बाई डोक्यावर शेणखताची पाटी घेऊन समोरून जाते आणि भर बाजारात ओरडते, "काय रे गुलामा, आज कुणाचं चाक चोरलंस?" मग मीही हातातला पाना खाली ठेवून सांगतो, "जा गं कुत्रेखाऊ, चुलीवर कुत्र्याचं मुंडकं ठेवलंयस, करपेल." ती हसते, मी हसतो, गिऱ्हाईक हसतं आणि माझा दिवस सुरू होतो.

बाहेरच्या माणसाला वाटेल, आता डोकी फुटणार. तसं काही होत नाही. बिंतू सामो आहे आणि आम्ही मोसी. या दोन जमातींमध्ये थट्टेचं नातं आहे आणि ते आमच्या खापरपणजोबांच्याही आधीपासून चालत आलंय. एकमेकांना वाटेल ते बोलावं, वाटेल ते मागावं, मयतीतसुद्धा खोड्या काढाव्यात. नियम एकच, रागवायचं नाही. जो रागावला तो हरला, आणि समोरचा मागेल तो दंड त्याने भरायचा. माझ्या उभ्या आयुष्यात कुणी रागावल्याचं मी पाहिलं नव्हतं. माझ्या लग्नात तिने मांडवभर लोकांसमोर माझ्या बायकोला विचारलं होतं, "एवढी गाढवं गावात मोकळी फिरतायत, तुला हेच कसं गं सापडलं?" मी दात काढले. दुसरं करणार काय?

बिंतू आमच्या गावात आली ती इसाकाची बायको म्हणून. इसाका माझा मित्र. लग्नानंतर काही वर्षांनी तो शेजारच्या देशात, आयव्हरी कोस्टला कोकोच्या मळ्यांत कामाला गेला, तो गेलाच. दर वर्षी फोनवर सांगतो, "एवढी तोडणी झाली की निघालोच." कुठल्या सालची तोडणी ते त्याने कधी सांगितलं नाही. इकडे त्याच्या वाट्याची जमीन भावांनी आपापसांत वाटून घेतली आणि बिंतूला राहिला घरामागचा भेंडीचा वाफा. आमच्याकडे बाईच्या नावाची जमीन नसते. नवऱ्याच्या घरचे देतील तो तुकडा तिने कसायचा, आणि नवराच नजरेआड झाला की तुकडाही आखडत जातो. मला हे कधीच पटलं नाही, पण मी पडलो सायकलवाला, मला विचारतो कोण!

तेव्हा बिंतू उठली आणि ओटीत मान म्हणून द्यायची कोलाची कडू फळं घेऊन थेट म्हाताऱ्या नोराओगो बेलेमच्या अंगणात गेली. त्याच्याकडे जमीन चिक्कार होती. मी त्याच्या नातवाची सायकल पोचवायला गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "माझ्या आजोबांनी तुझ्या आजोबांना विकत घेतलं होतं, ठाऊक आहे ना? तेव्हा तुझी जमीन तशी माझीच. पण मी मोठ्या मनाची आहे. एक तुकडा दे, बाकी तू ठेव."

नोराओगो एवढा हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. "कुत्रेखाऊंना शेती कशाला हवी गं? बरं, घे. ते टकलं रान घे. तिथं गवताची काडी जरी उगवली तरी मी माझी टोपी खाईन."

टकलं रान म्हणजे गावाबाहेरची एक उघडीबोडकी जमीन. वरचा थर इतका कडक की पाऊस पडला तरी पाणी आत न मुरता सरळ ओढ्याला पळायचं. शेळीसुद्धा तिथून जाताना खाली बघायची नाही. आणि आमची शेती सगळी आभाळाच्या भरवशावर. विहिरीला येतं ते प्यायलाच पुरत नाही. अंगणातले सगळे हसले. मीही हसलो. बिंतूही हसली, "दिलंस म्हणालास बरं का!" म्हणाली आणि गेली.

त्या वर्षी कोरडा वारा सुटला, धुळीने दात करकरायला लागले, आणि शहाणी माणसं सावली धरून बसली तेव्हा ही बाई कुदळ घेऊन टकल्या रानावर खड्डे खणू लागली. पसरट भोपळ्याएवढा एकेक खड्डा, त्यात ओंजळभर शेणखत आणि पालापाचोळा. हे खड्डे आमच्या भागात जुने लोक खणायचे, पण त्यात एवढी कंबर मोडते की त्यांच्या मुलांनी ते काम सोयीस्करपणे विसरून टाकलं होतं. मग ज्यांना ज्यांना कुणी जमीन देत नव्हतं अशा बाया एकेक करून तिच्याकडे जाऊ लागल्या. त्यांत माझी बायको रिहानाताही. त्यांनी उताराला आडव्या दगडांच्या ओळी लावल्या. मला वाटायचं, आठ दिवसांत थकतील. थकलो मी, रोज संध्याकाळी बायकोच्या पाठीला शियाच्या बियांचं लोणी चोळून.

खतामागे वाळवी आली, वाळवीने जमीन आतून पोखरून भुसभुशीत केली, पाऊस पडला तेव्हा पाणी खड्ड्यांत थांबलं, आणि ज्वारी उगवली. पहिल्या वर्षी बेताची, पुढच्या वर्षी बरी. तिसऱ्या वर्षी पावसाने मध्येच महिनाभर दडी मारली, सगळ्या गावाची शेतं करपली आणि टकल्या रानावरची ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली.

कापणी झाल्यावर बिंतूने त्या ज्वारीच्या पिठाचा सागबो शिजवला, चांगला घट्ट आणि गुळगुळीत. सोबत भेंडीचं कालवण केलं आणि ते सगळं डोक्यावर घेऊन नोराओगोच्या अंगणात आली. तो हात धुऊन पुढे सरसावला तर हिने भांडं मागे ओढलं.

"आधी टोपी."

"कसली टोपी?"

"डोक्यावरची. तोंडी लावायला."

मोसी माणूस शब्दाला पक्का. म्हाताऱ्याने टोपी काढली, कड कालवणात बुडवली आणि सगळ्यांदेखत बराच वेळ चावली. मग म्हणाला, "मीठ कमी आहे." त्या दिवसापासून त्याने घरात बजावून ठेवलं की आपण जिवंत आहोत तोवर बिंतूच्या रानाकडे कुणी वाकड्या नजरेने बघायचं नाही. रोज संध्याकाळी काठी टेकत तो तिथं जायचा, बांधावर बसायचा, आणि दोघं दिवेलागणीपर्यंत एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो सक्षमीकरणाने. राजधानीतून एका संस्थेची पांढरी गाडी आली. लहान शेतकऱ्यांचं सक्षमीकरण करायला आलोय, असं त्यांनी सांगितलं. गावभर टोप्या वाटल्या, कडुनिंबाला कापडी फलक बांधला, त्यासाठी माझ्या दुकानाची दोरी नेली ती नेलीच. भाषण चालू होतं तेव्हा बिंतू आणि तिच्या बाया रानावर खुरपत होत्या, कारण खुरपणीचे दिवस होते. भाषण संपवून पाहुणे ज्वारी बघायला गेले आणि साहेबांनी विचारलं, "या शेताचा मालक कोण?"

नोराओगोचा थोरला मुलगा पुढे झाला, नाव त्याचं लासाने. "मी," म्हणाला. तो नुकताच आयव्हरी कोस्टहून परतला होता. कुदळीवर उजवा-डावा हात कुठं ठेवायचा हेही तो विसरला होता, पण नवी टोपी त्याला शोभत होती. साहेबांनी ज्वारीच्या ताटाशेजारी उभं करून त्याचा फोटो काढला. मागे बाया वाकून खुरपत होत्या, त्याही फोटोत आल्या, पाठमोऱ्या. तो फोटो म्हणे कुठल्याशा मोठ्या भिंतीवर लागला. तेव्हापासून लासाने स्वतःला प्रगत शेतकरी समजू लागला. रानावर तिळाची लागवड करायची, तीळ परदेशात जातो, अशी भाषा त्याने सुरू केली. म्हातारा ओरडला, "मी आहे तोवर नाही." लासानेने मान डोलावली. त्याला घाई नव्हती, आणि बिंतूलाही हे कळत होतं. त्या वर्षी ती म्हाताऱ्याला शिव्या देता देता मध्येच विचारायची, "खोकला कसा आहे रे तुझा?"

खोकला वाईट होता. पेरणीला अजून दोनेक महिने असताना नोराओगो झोपेतच गेला. पिकलं पान होतं, घर नातवंडांनी भरलेलं होतं, तेव्हा अशा मयतीत आमच्याकडे रडण्याबरोबर हसणंही असतं. सामो मंडळी अशी संधी सोडत नाहीत. कुणी मेलेल्याची नक्कल करतं, कुणी फावडी लपवतं. त्यांना काहीबाही देऊन वाटेला लावलं की मगच माती देता येते.

आम्ही खांद्यावर म्हाताऱ्याला घेऊन कबरस्तानात पोचलो तर खणलेल्या कबरीत बिंतू बसलेली. डोक्यावर म्हाताऱ्याची टोपी, हातात त्याची काठी. कुठून मिळवली कोण जाणे. आम्हांला बघून ती अगदी त्याच्यासारखी खोकली. म्हाताऱ्याच्या बायकोला रडता रडता हसू फुटलं.

"बिंतू, बाहेर ये," इमाम म्हणाले. "ऊन फार झालंय."

"कोण बिंतू?" आतून म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आला. "मी नोराओगो. माझ्या जागेत मी बसलोय. तुम्ही त्या चटईत कुणाला गुंडाळून आणलंय?"

लासानेने कोलाची फळं पुढे केली. तिने एक चावून थुंकलं. मग त्याने कोंबडा मागवला.

"माझाच कोंबडा मला देतोस होय रे?" काठी आपटत बिंतू म्हणाली. "बापाला फसवतोस? ऐक. मला इथं कायमचं झोपायचंय, तेव्हा मन मोकळं करून झोपतो. टकलं रान बिंतूचं. तिचं आणि तिच्याबरोबर खणणाऱ्या बायांचं. त्यांचे हात चालतायत तोवर. म्हण तसं, की मी उठतो."

लोक हसून लोटपोट झाले. लासानेलाही हसू आवरेना. हसणं भागच होतं. "घे बाई, घे!" तो म्हणाला. "रान घे, गाव घे, मोसींचं अख्खं राज्य घे, पण माझ्या बापाला जागा दे!"

"राज्य नको, त्यात गुलाम फार. रान पुरे. दिलं म्हण."

"दिलं! दिलं!"

मी हात दिला आणि ती वर आली. वर येऊन तिने टोपी काढली, ती त्या चटईवर ठेवली आणि हळूच म्हणाली, "झोप आता, म्हाताऱ्या." एवढंच. एक शिवीसुद्धा दिली नाही. मला गलबलून आलं, पण तिथं सगळे हसत होते, म्हणून मी नाक शिंकरून वेळ मारून नेली.

चाळिसाव्याचा विधी होतो न होतो तोच लासाने बैलांची जोडी आणि नांगर घेऊन टकल्या रानावर आला. खड्डे तेव्हा खणून, खत घालून पेरणीसाठी सज्ज होते. नांगर एकदा फिरला असता तर उन्हाळाभराची मेहनत सपाट झाली असती, आणि पुढच्या वर्षी त्या बायांच्या कणग्यांत धूळच राहिली असती. बाया बैलांपुढे उभ्या राहिल्या. माझी बायको तर बैलाची शिंगंच धरून उभी होती, आणि मला विचाराल तर बैल घाबरला होता. शेवटी भांडण तेंगसोबाकडे गेलं. गावच्या जमिनीबद्दलचा शेवटचा शब्द त्याचा. आमचा तेंगसोबा म्हणजे पुस्गा, इतका म्हातारा की तो जागा आहे की झोपलाय हे त्याच्या बायकोलाही ओळखता येत नाही.

सगळं गाव झाडाखाली जमलं. लासाने उभा राहिला आणि खरं सांगतो, तो चांगला बोलला.

"आजोबा, ही थट्टा होती. ही बाई म्हणते माझा बाप तिचा गुलाम. मग होता का? आम्ही म्हणतो ही कुत्री खाते. खाते का? थट्टेतला शब्द खरा धरायचा तर मी त्या दिवशी हिला मोसींचं राज्यही देऊन टाकलंय. जा म्हणावं, राजवाड्यात जाऊन बस."

लोकांनी माना डोलावल्या. माझीही मान डोलली, मग बायकोने बघितलं आणि ती थांबली.

पुस्गाने डोळे न उघडता विचारलं, "बिंतू, थट्टेत मागितलंस ना?"

"हो आजोबा," ती म्हणाली. "सरळ मागितलेलं मोसीला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?"

"तसं नाही चालणार, पोरी. जमीन ऐकत असते. तिला थट्टा कळत नाही."

मला वाटलं, संपलं. रिहानाताने माझा दंड एवढा घट्ट धरला की तिची बोटं उमटली. बिंतूने एकदा आपल्या बायांकडे पाहिलं, मग लासानेकडे वळली.

"खरंय तुझं, लासाने," ती म्हणाली. "चूक माझीच. त्या साहेबांनी फोटो काढला ना, तेव्हा मला वाटलं बुजगावण्याचा काढतायत. टोपीही होती डोक्यावर. नंतर कळलं, अरे, हा तर आपला लासाने."

हशा पिकला. लासानेही हसला, पण फक्त ओठांनी.

"बुजगावणंही बरं. ते निदान पाखरं तरी हाकलतं. तू बाया हाकलतोस."

आता तो हसला नाही. त्याच्या मानेची शीर ताठ झाली. बाजूचे लोक कुजबुजले, "हस रे, हस!" त्याच्या भावाने मागून त्याला कोपरखळीही मारली.

"एक सांगू?" बिंतू म्हणाली. "तुझ्या बापाने शब्दापायी टोपी खाल्ली. तू टोपीपायी शब्द खाल्लास."

"गप्प बस!" लासाने एवढ्या जोरात ओरडला की झाडावरची पाखरं उडाली. "उपरी बाई! कुठून आलीस तिकडे चालती हो! माझी जमीन आहे, माझी!"

मागे कुठंतरी एक शेळी तेवढी चघळत होती. पुस्गाने डोळे उघडले. त्याचे डोळे तपकिरी आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"लासाने," त्याने विचारलं, "तू रागावलास?"

"हो, रागावलोय!" लासाने म्हणाला, आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. परमुलुखात राहून माणूस काय काय विसरतो! त्याने हसण्याचा प्रयत्न केला, पण ते हसू आता कुणी घेईना. त्याच्या आईने पदराने तोंड झाकून घेतलं.

"माझ्या हयातीत सामोवर कुणी रागावलं नव्हतं," पुस्गा हळू हळू म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "आता ही थट्टा राहिली नाही. आता हा दंड आहे, आणि दंड जमिनीला कळतो. बिंतू, माग."

लोकांची अटकळ सुरू झाली. कुणी बोकड म्हणालं, कुणी बैलांची ती जोडीच. मागून बाया दबक्या आवाजात ओरडत होत्या, "रान माग! रान माग गं!" बिंतूने हात वर करून त्यांना थांबवलं. मग बोलली तेव्हा तिचा आवाज मला ओळखू येईना, कारण त्यात थट्टा अजिबात नव्हती.

"रान मला दोनदा मिळालंय, आजोबा. याच्या बापाने दिलं तेव्हा हसत दिलं. याने दिलं तेव्हा हसत दिलं. मी मागितलं तेव्हाही हसतच मागितलं, नाहीतर मला अंगणात तरी कोण उभं करणार होतं? एवढी वर्षं मी हसत हसत खणतेय. माझा दंड एवढाच. याने माझ्यासमोर उभं राहून एकदा सांगावं. आणि कुणी हसायचं नाही."

पुस्गाने नुसती मान हलवली. लासाने पुढे आला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, ती कुठे ठेवावी हे न कळून हातातच चुरगाळली. बिंतू त्याच्या खांद्याएवढीही नव्हती. त्याने खाली बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"काकू," तो म्हणाला, "ते रान तुमचं आहे. तुमचं आणि तुमच्याबरोबर खणणाऱ्या बायांचं. तुमचे हात चालतायत तोवर. मी दिलं."

कुणी हसलं नाही. एवढा मोठा जमाव, त्यात निम्मे लोक तर सवयीने हसणारे, पण एकाचाही ओठ हलला नाही. पुस्गाने दोन्ही तळवे जमिनीला टेकवले आणि "झालं" असं म्हणाला. आता बिंतूने काहीतरी बोलायचं होतं. सगळे तिच्याकडे बघत थांबले होते. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि बाजारभर जिची जीभ कधी थांबली नव्हती त्या बाईला साधं "बरं" एवढंही म्हणता आलं नाही.